चांगुणा कागद बघते

माझ्या धाकट्या जावेविषयी चार चांगले शब्द लिहायचे तर मला आधी उठून पाणी प्यावं लागतं. लिहायचे मात्र आहेत, कारण ते खरे आहेत. आणि खरंच लिहायचं म्हटल्यावर माझ्या पोटातलं वाईटही त्यात येणार, त्याला इलाज नाही. मिरजगावात कुणापाशीही चांगुणाचं नाव काढा, समोरचा हसून म्हणतो, "व्हय, ती कागदवाली." माझं नाव काढा, तर ब्लाउज कधी मिळणार एवढंच विचारतील.

मी सुरेखा. वीस वर्षं शिवणकाम करते. आमचे हे, हनुमंत, दुधाचा टेम्पो चालवतात. चांगुणा म्हणजे माझा धाकटा दीर कल्याण, त्याची बायको. सासऱ्यांनी बांधलेल्या तीन खोल्यांत आमचे दोन संसार आणि सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, असे सगळे राहत होतो. ओटा एक, शेगड्या दोन. चांगुणाच्या आमटीचा वास बाहेरपर्यंत येतो असं आत्याबाई पहिल्याच महिन्यात म्हणाल्या. माझ्या आमटीबद्दल त्या अकरा वर्षांत काही बोलल्या नव्हत्या. माझं जळणं तिथून सुरू झालं आणि आजतागायत चालू आहे.

ती जामखेडच्या पलीकडची. आईबाप ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की अर्धी वाडी कारखान्यावर निघायची, ती ऊन तापायला लागलं की परतायची. चांगुणा मागे शेजाऱ्यांच्या पडवीत राहून दहावी शिकली. लग्नानंतर कर्जतला जाऊन टायपिंग शिकली आणि तिथल्या नोंदणी कचेरीबाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये बसणाऱ्या एका म्हाताऱ्या दस्तलेखकाकडे कामाला लागली. तो खरेदीखतं लिहून द्यायचा. त्याला दिसेनासं झालं तेव्हा तो सांगायचा आणि ही लिहायची. पुढे सांगायचीही हीच. रोज सकाळची एसटी, खांद्याला निळी रेक्झिनची पिशवी आणि पिशवीत एक भिंग. जुन्या सातबाऱ्यावरच्या हाताने लिहिलेल्या नोंदी वाचायला भिंग लागतं म्हणे. मी सुईत दोरा बिनभिंगाचा ओवते, पण त्याचं कौतुक कुणी केल्याचं आठवत नाही.

रविवारी आमच्या अंगणात माणसं यायची. कुणाला घर घ्यायचं असायचं, कुणाला प्लॉट. चांगुणा भाजी निवडता निवडता विचारायची.

"घर कुनाच्या नावावर हाय?"

"त्याच्याच. ग्रामपंचायतीचा उतारा दावला की त्यानं."

"त्यो घरपट्टीचा उतारा. त्यावरनं मालकी ठरत न्हाई. घराखालची जमीन कुनाची हाय ते आधी बघा."

मग सुरू व्हायचं. जमिनीचा सातबारा आणा. त्यावरचे तीस वर्षांचे फेरफार काढा, म्हणजे ती जमीन कुणाकडून कुणाकडे गेली ते कळेल. बिनशेती परवानगी आहे का? बँकेचा, सोसायटीचा बोजा चढला आहे का? हेच घर त्यानं आधी दुसऱ्या कुणाला लिहून दिलं आहे का, ते नोंदणी कचेरीत शोधा. पेपरात नोटीस द्या. सगळं जमलं तरी तिचं समाधान नाही. "कागदावर दिशा असत्यात, मानसं नसत्यात," असं म्हणून ती घराच्या चारी बाजूंच्या शेजाऱ्यांकडे स्वतः जायची, चहा प्यायची आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारून यायची. याचे ती पैसे घेत नसे. लोक शेंगा आणायचे, पायलीभर ज्वारी आणायचे. ती ज्वारी निवडताना आत्याबाई माझ्याकडे बघून म्हणायच्या, "डोस्कं लागतं बाई त्याला." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पण आमटी आणि ज्वारी हे वरवरचं झालं. खरं खुपायचं ते वेगळंच होतं.

आमच्याकडे बाप गेला की भाऊ बहिणीला राखीला बोलावतो, साडीचोळी करतो आणि तालुक्याला नेऊन हक्कसोडावर सही घेतो. बहीणही देते. न देणारीला माहेर उरत नाही, असं आमच्या आयांनी आम्हाला शिकवलेलं. मी अठरा वर्षांपूर्वी दिली. माझा भाऊ श्रीमंत मला जामखेडला घेऊन गेला, मी स्टँप पेपरवर सही केली, हिरवी साडी घेतली आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आले. चांगुणाचा बाप गेला तेव्हा तिचा भाऊही असाच साडी घेऊन आला. ती म्हणाली, "साडी ठिव, दादा. माजा वाटा मला पायजे." आम्ही सगळ्या बायकांनी तोंडाला पदर लावला. भाऊ वर्षभर बोलला नाही. मग त्याने तिच्या वाट्याचे पैसे दिले आणि पुन्हा बोलू लागला. आता तो दर दिवाळीला डबा घेऊन येतो. माझा श्रीमंत नऊ वर्षांत आलेला नाही. जिने सोडलं नाही तिचं माहेर राहिलं आणि जिने सोडलं तिचं गेलं. हा हिशेब मला कोणत्या मशीनवर शिवावा ते कळत नव्हतं.

त्या वाट्याच्या पैशांतून चांगुणा आणि कल्याण घर बघू लागले. डिसेंबरात गोरक्ष नावाच्या माणसाचं घर विकायला निघालं. हायवेपासून दोन गल्ल्या आत, स्लॅबच्या दोन खोल्या, पुढे अंगण. स्वयंपाकघरात ओट्यासमोर पूर्वेची खिडकी आणि बाहेर शेवग्याचं झाड. चांगुणाबरोबर मीही बघायला गेले होते. त्या खिडकीपाशी ती उभी राहिली आणि कट्ट्यावरून हात फिरवत राहिली. तिची ती तऱ्हा मला ठाऊक होती. तिला घर आवडलं होतं. मलाही आवडलं होतं, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

जानेवारी गेला. चांगुणा शेजाऱ्यांकडे चहा पीत हिंडत होती. आत्याबाईंनी विचारलं, तर म्हणाली, "कागद अजून पुरा न्हाई. उन्हाळ्यापर्यंत थांबू." मला वाटलं, ही भाव पाडतेय. घर घेण्याआधीच मालकिणीसारखी शेजार जमवतेय असंही वाटलं. काय अडलंय, हे मी तिला विचारू शकले असते. पण विचारायला गेलं की ती सांगणार आणि मी ऐकत बसणार, ते मला नको होतं.

फेब्रुवारीत गोरक्षची बायको माझ्याकडे ब्लाउज टाकायला आली. मापं देता देता कुरकुरायला लागली. "तुमची जाऊ लई इचारती बाई. ह्यो कागद आना, त्यो आना. आमाला पाडव्याला मोकळं व्हायचं हाय."

माझ्या हातातली टेप तशीच राहिली. तोंडातून निघालं, "आमाला द्या मग. आमी काय कागद मागनारी मानसं न्हाई."

हे वाक्य माझं आहे. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वेडं म्हटलं असतं.

ह्यांना तयार करायला मला दोन दिवस लागले. "कल्याणला काय सांगू?" एवढं एकच ते विचारत राहिले. मी म्हटलं, "सांगा, तुमी दोन महिनं बसून ऱ्हायला." अकरा वर्षांच्या शिलाईचे पैसे बँकेत ठेवलेले होते, ते मी मोडले आणि तीन लाखांचा इसार दिला. घरपट्टीचा उतारा आणि गोरक्षच्या एकट्याच्या नावाचा सातबारा मी पाहिला होता. अजून काय बघायचं असतं?

घरी कळलं तेव्हा कल्याण जेवणावरून उठून गेला. आत्याबाई पहिल्यांदाच मला म्हणाल्या, "बरं केलंस न्हाई." चांगुणाने पोळपाट धुऊन उभा केला, हात पुसले आणि विचारलं, "अक्का, इसारपावतीत वारसांचं काय लिव्हलंय?"

"तुला काय करायचंय? घर आमचं."

"लिव्हलं नसंल तर लिव्हून घ्या. मी सांगते का..."

"जळू नगंस, चांगुणा," मी म्हणाले. आयुष्यभर ज्या आगीत मी बसले होते, तिच्यात ही एकदा तरी बसली असं वाटून मला त्या रात्री झकास झोप लागली. ती कडी वाजवून बाहेर गेली, एवढंच.

पाडव्याला पंधरा दिवस होते. ह्यांनी गोरक्षकडून एक चावी मागून घेतली होती आणि मी त्या घराच्या खिडक्यांची मापं घ्यायला गेले होते. पाहते तर उंबऱ्यावर एक बाई बसलेली. हात उसाच्या पाचटाने चिरलेले, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, शेजारी पत्र्याची पेटी. कारखान्यावरून परतणारा ट्रॅक्टर तिला हायवेला सोडून गेला होता.

"कोन पायजे?" मी विचारलं.

"कुनी न्हाई. मी बनुबाई. गोरक्षची थोरली बहीन," ती म्हणाली. "हे घर माज्या बापानं बांधलंय. इकायच्या आधी मला कुनी इचारलं न्हाई."

मी हसायचा प्रयत्न केला. "आवं, पर बहिनी हक्क सोडत्यात की."

"सोडत्यात. मी सोडला न्हाई. माजी सही कुटं असंल तर दावा."

मी गोरक्षकडे गेले. तो आधी म्हणाला, मला बहीणच नाही. मग म्हणाला, आहे, पण तिचा संबंध नाही. मग म्हणाला, इसार खर्च झाला. बाप तीन वर्षांपूर्वी पौषात वारला होता. वारसांची नोंद लावताना या गड्याने अर्जात आईचं आणि स्वतःचं नाव लिहिलं, बहिणीचं लिहिलंच नाही. गावात नोटीस लागली तेव्हा बहीण तिकडे दीडशे कोसांवर ऊस तोडत होती. हरकत कोण घेणार? आई गेल्यावर तो एकटा उरला. सातबारा कसा कोरा करकरीत दिसत होता, आणि मी त्यावर भुलले होते.

मी घरी आले ती थेट चांगुणावर. "तूच आनलीस तिला. तुला घर मिळालं न्हाई म्हनून."

चांगुणा कर्जतहून नुकतीच आली होती, पाय धूत होती. तिने निळी पिशवी उघडून एक वही काढली. त्यात त्या घराचं पान होतं. पूर्वेकडची म्हातारी चहा देताना सहज बोलून गेली होती, गोरक्षला एक बहीण आहे, जामखेडकडे दिलीय, हंगामात तोडीला जाते. खाली चांगुणाच्या अक्षरात लिहिलं होतं: 'बनुबाई कारखान्यावरून आल्यावर भेटणे. तोवर इसार देऊ नये.' तारीख सतरा जानेवारीची.

"तिच्याकडं फोन न्हाई. कारखान्यावर कुटल्या फडात हाय ते ठावं न्हाई," चांगुणा म्हणाली. "माजी आई पन अशीच असायची. उन्हाळ्यापतुर थांबायचं एवढंच हातात हुतं. त्या दिशी तेच सांगत हुते मी तुमाला."

मी खाली बसले. माझे अकरा वर्षांचे ब्लाउज गोरक्षच्या खिशात होते आणि घराच्या उंबऱ्यावर दुसरीच बाई बसली होती. मला रडू आलं ते पैशांचं होतं, आणि हिच्या वहीत ते आधीच लिहिलेलं होतं याचंही होतं. कोणतं जास्त होतं ते मी आजही सांगणार नाही.

दोन दिवसांनी चांगुणाच म्हणाली, "चला, बनुबाईकडं जाऊ." ह्यांच्या टेम्पोत पुढे आम्ही दोघी बसलो आणि जामखेडची वाट धरली. वाडीत बनुबाई अंगण सारवत होती. तिने पाणी दिलं. चांगुणा उसाच्या फडाबद्दल, मुकादमाबद्दल, टायरगाडीबद्दल बोलत बसली. दोघींची भाषा एक झाली आणि मी वाड्यातली पाहुणी असल्यासारखी अवघडले. बऱ्याच वेळाने बनुबाई माझ्याकडे वळली.

"ताई, तुमी सोडला का तुमच्या भावाला?"

"व्हय," मी म्हणाले.

"काय दिलं त्यानं?"

"साडी."

"येतो का?"

मी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. बनुबाईने शेणाचा हात धुतला आणि चांगुणाला म्हणाली, "ह्या बाईचं पैसं बुडवायचं मला काय कारन न्हाई. माजा वाटा मला द्या, मी सही देते. फुकट देनार न्हाई आन् साडीवर तर न्हाईच न्हाई."

पुढचं सगळं चांगुणाने केलं. गोरक्षला समोर बसवून तिने आवाज न चढवता सांगितलं की हे कोर्टात गेलं तर त्याच्या अर्जाची नक्कल आधी निघेल. तो नरमला. बनुबाईचं नाव वारस म्हणून आधी चढलं. खरेदीखत पाडव्याऐवजी वैशाखात झालं. 'लिहून देणार' म्हणून भाऊ-बहीण दोघं, आणि बहिणीच्या वाट्याचा चेक थेट बहिणीच्या नावाचा. 'लिहून घेणार' म्हणून मी ह्यांचं नाव सांगितलं. चांगुणाची बोटं थांबली.

"शिलाईचं पैसं कुनाचं?"

"माजं."

तिने दोन नावं टाइप केली, माझं पहिलं. ह्यांनी मान हलवली. मी मात्र मनात म्हणत होते, आता माझं घरसुद्धा हिच्यामुळे. उद्या आत्याबाई तेच बोलतील. आणि आत्याबाई बोलल्याच, रजिस्ट्रीहून परत येताना, टेम्पोतच.

वास्तुशांतीला भाऊबंद आले, शेजारी आले. टॉवेल-टोप्यांचा ढीग पडला. श्रीमंतला निमंत्रण गेलं होतं, तो आला नाही. दुपारी पंगत उठल्यावर मी स्वयंपाकघरात गेले तर चांगुणा खिडकीपाशी उभी होती. शेवग्याला शेंगा आल्या होत्या. तिचा हात खिडकीच्या कट्ट्यावर होता आणि ती वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लगेच ओळखलं. तिच्या लग्नापासून मी ते आरशात पाहत आले आहे.

"ही खिडकी मला पायजे हुती," ती म्हणाली. "तुमचा लई राग आला हुता, अक्का. अजून हाय."

या क्षणाची मी किती वाट पाहिली होती. ती जळावी आणि मी पाहावी. ती जळत होती, मी पाहत होते, आणि मला त्यात काही गोडी लागली नाही. माझ्याच घरात मी परकी झाल्यासारखी पदराशी चाळा करत उभी राहिले.

तिने कमरेला खोचलेलं एक पाकीट काढलं. "आहेर," म्हणाली.

आत सातबारा होता. गावाचं नाव माझ्या माहेराचं. वर श्रीमंतचं नाव, आणि 'इतर हक्क' या रकान्यात खाली माझं, माहेरच्या आडनावासकट. मी दोनदा वाचलं. मग तिचं भिंग मागून घेतलं आणि तिसऱ्यांदा वाचलं.

"तुमी सही केली ती नोटरीपाशी," चांगुणा म्हणाली. "हक्कसोड नोंदनी कचेरीत नोंदवावा लागतो. तुमच्या भावानं तेवढा खर्च वाचवला. मी जामखेडला शोध घेतला, नोंद न्हाई. तुमचा वाटा अठरा वर्सं तितंच हाय."

बाहेर कुणीतरी आणखी चहा मागत होतं. मी हलले नाही.

"कवा काढलास हा?"

"बनुबाईकडनं आल्यावर. दोन महिनं झालं." ती खाली बघू लागली. "सांगावं वाटत नव्हतं. म्हनलं, ह्यांनी माजं घर घेतलं, वर हे बी मी दिऊ व्हय? रोज पिशवीत घालायचे आन् तसाच परत आनायचे."

मी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. अठरा वर्षांची हिरवी साडी, नऊ दिवाळ्या, सगळं त्या घडीत होतं. मग मी तिला खरं ते सांगितलं, कारण तिने मला खरं सांगितलं होतं.

"चांगुणा, तुज्या जागी मी असते तर हा कागद मी फाडला असता."

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली, आणि चहाचं भांडं उचलून बाहेर गेली.